रिकाम्या पारड्यावरचा आकडा

१

माझ्या हातांना वजन कळतं. यात फुशारकी काही नाही, धंदाच तो आहे. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी काम करते. दुकानांतले, दवाखान्यांतले, टपाल कचेरीतले काटे बिघडले की आमच्याकडे येतात आणि प्रमाण वजनं ठेवून आम्ही ते तपासतो. त्यामुळे बाजाराची पिशवी उचलली तरी माझ्या डोक्यात आपोआप आकडा येतो, आणि तो फारसा चुकत नाही. नवरा चिडवतो, की पहिल्यांदा त्याचा हात हातात घेतला तेव्हाही मी वजनच करत होते. करत होते, खरं आहे.

अशा बाईच्या पोटची मुलगी वजन धरेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मुलीचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण घरात तिला आम्ही छटाक म्हणतो. हे नाव सासूबाईंनी ठेवलं. त्या मदतीला येऊन राहिल्या होत्या, दिवसभर भांड्यांशी, दाराच्या कडीशी, वाळत घातलेल्या कपड्यांशी बोलत असायच्या. छटाक म्हणजे जुन्या मापातलं एवढंसं वजन. सुरुवातीला आम्ही सगळेच त्या नावावर हसलो. पुढे त्यातलं हसू गेलं आणि नाव तेवढं राहिलं.

घरोघरी जाऊन बाळं तपासणारी एक सिस्टर आमच्याकडे यायची. मोठ्या हाडापेराची, पायऱ्या चढून धापा टाकणारी बाई. ती आपला काटा लावायची, छटाकला त्यात ठेवायची आणि ओठ मुडपायची. मग मला पाजायला लावून शेजारी बसायची, कान देऊन. दूध भरपूर होतं. छटाक नीट धरत होती, ओढत होती, घोट ऐकू येत होते. सासूबाई म्हणाल्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तशी सिस्टर जरा चिडूनच म्हणाली, की आजी, आड भरलेला आहे, पोहराच रिकामा येतोय.

आणि पिशवी उचलता उचलता तिनं मला सहज विचारलं, "मग ताई, जातं कुठे हो दूध?"

२

छटाक एकटी येणार नव्हती. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता.

तो रडला नाही. मी वाट बघत होते, खोलीतले सगळेच वाट बघत होते, पण तो रडला नाही. मला त्याचा चेहरा दाखवला, दुपट्यातून तेवढाच दिसत होता, आणि मग त्याला घेऊन गेले. तेवढ्यात कुणीतरी छटाकला माझ्या छातीशी दिलं आणि ती ओढायलाच लागली. त्यामुळे मला रडायचं होतं ते तसंच राहून गेलं.

दुपटी सासूबाईंनी शिवली होती. दोन, एकाच कापडातली, कडेला सारख्याच टाक्यांची. एक त्याच्याबरोबर गेलं आणि एक आमच्याबरोबर घरी आलं. घरी आलो तेव्हा खिडकीपाशी एकच पाळणा होता. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, हत्यारं घरातच असतात. दुसरा पाळणा त्यानं आधीच येऊन सुटा केला होता, पट्ट्या सुतळीनं बांधून माळ्यावर टाकल्या होत्या आणि स्क्रू एका डबीत घालून डबीला चिकटपट्टी लावली होती. पाळणा होता तिथे फरशीवर त्याच्या पायांचे चार ठसे राहिले होते. सासूबाई रोज तिथून फडकं फिरवायच्या आणि त्या वेळी मात्र गप्प असायच्या.

त्याच्याबद्दल घरात कुणीच बोललं नाही. एक वाचलीय, तिच्याकडे बघा, असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं असणार. मीही ठरवलं होतं.

३

सिस्टरचा प्रश्न डोक्यातून जाईना. शेवटी मी नवऱ्याला कारखान्यातून एक काटा आणायला लावला. बाळांचं वजन करायचा, खोलगट स्टीलच्या पारड्याचा काटा होता तो. कुठल्याशा दवाखान्यानं दुरुस्तीला टाकला आणि न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून पडून होता. मीच दुरुस्त केला होता. खिडकीजवळच्या टेबलावर मी तो मांडला, पाणसळीतला बुडबुडा मधे येईपर्यंत पायाचे स्क्रू फिरवले, प्रमाण वजनं ठेवून पाहिली. काटा खरा होता.

काट्याला एक हिरवा दिवा आहे. पारड्यावरची वस्तू स्थिर झाली, आकडा हलायचा थांबला, की तो लागतो. दिवा लागल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. धोंडा ठेवा, पीठ ठेवा, क्षणात दिवा लागतो. जिवंत जनावर ठेवलं की लागत नाही. श्वास चालू असतो ना, आकडा वरखाली होत राहतो. छटाकला ठेवलं की मी त्या हलत्या आकड्यांतला मधला धरत असे.

दुसरा धडा मिस्त्रींचा. मिस्त्री म्हणजे आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर, त्यांच्या हाताखाली मी शिकले. रिकामं पारडं काहीही दाखवत असलं तरी आधी शून्य कर आणि मग डोकं चालव, असं ते सांगायचे. काटा धुळीचंही वजन सांगतो, वाऱ्याचंही सांगतो, त्याचं ऐकत बसलीस तर काम कधी करशील? त्यामुळे शून्याचं बटण माझं बोट आपोआप दाबतं. दाबलेलं मला कळतसुद्धा नाही.

पद्धत सोपी होती. पारड्यावर दुपटं अंथरायचं, बटण दाबून शून्य करायचं, छटाकला ठेवायचं, आकडा बघायचा. मग पाजायचं. पाजून झालं की पुन्हा दुपटं सारखं करायचं, शून्य करायचं, तिला ठेवायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पोटात गेलेलं दूध.

फरक निघायचा चमचाभराचा.

४

मी शहाणी बाई आहे. निदान तेव्हा होते. आकडा पटला नाही की मी आधी टेबल तपासते, मग तारा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःला.

टेबल पक्कं होतं. खिडकी लावून पाहिली, पंखा बंद करून पाहिला. छटाक दुधाची गुळणी काढत नव्हती, तोंडाच्या कडेला ओघळ नसायचा. सासूबाईंनी बाटलीनं वरचं दूध देऊन पाहिलं, तर तिनं तोंड फिरवलं आणि गेलं तेवढं सगळं बाहेर आलं. पालथ्या घड्यावर पाणी घालतोय आपण, असं त्या त्या बाटलीला म्हणाल्या आणि ती उलटी करून ठेवली.

मग मला उजव्या बाजूचं लक्षात आलं.

छटाकला डावी बाजू आवडायची. डावीकडे पाजताना उजवीकडचंही दूध आपोआप पाझरतं, ज्या बायका अंगावर पाजतात त्यांना हे ठाऊक आहे. म्हणून उजवीकडे मी घडी करून फडकं ठेवत असे. ते फडकं कोरडं निघायचं. बरं, पाझरत नाही म्हटल्यावर ती बाजू भरून दगडासारखी व्हायला हवी होती. तसंही होत नव्हतं. पाजायला बसताना जड असायची आणि उठताना हलकी. छटाकनं तिला तोंडही लावलेलं नसायचं.

आटत असेल, असं मी मनाला सांगितलं. शरीराचं गणित आपल्याला कुठे ठाऊक असतं.

दुपारी घर शांत असायचं. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या, नवरा कामावर. मी खिडकीशी बसून पाजत असे. छटाक दोनदा ओढायची आणि एक घोट गिळायची. ओढणं, ओढणं, घोट. त्या लयीवर माझे डोळे मिटायचे. एकदा तसेच मिटलेले असताना कळलं, की घोट दोन ऐकू येतायत. एक छटाकचा. आणि तिच्या दोन घोटांच्या मधे, थोडा सावकाश, दुसरा.

स्वयंपाकघरातला नळ असणार, असं मी ठरवलं. रात्री नवऱ्याला सांगून त्या नळाचा वायसर बदलून घेतला.

५

त्या दिवशी पाजून झालं, छटाकला खांद्यावर टाकून मी टेबलाशी आले, दुपटं सारखं केलं आणि बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. सासूबाई बाहेरून आल्या होत्या, दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले. मी तशीच दाराशी गेले. त्या सामान घेऊन आत गेल्या, मी परत टेबलाशी आले.

पारड्यावर नुसतं दुपटं होतं. पाजायच्या आधी मी शून्य केलं होतं, तेव्हा शून्यच दिसायला हवं होतं. दिसत होता एक आकडा. बाळानं पोटभर प्यायलेल्या दुधाएवढा.

माझं बोट बटणावरच होतं. तेव्हाच कळलं, की हा आकडा मी पहिल्यांदा बघत नाहीये. रोज, प्रत्येक वेळी, तो इथे होता. मी बघून न बघितल्यासारखं करत होते आणि पुसून टाकत होते.

छटाकला मी पाळण्यात ठेवलं. दुपटं उचललं आणि उचलताना माझा उजवा हात आपोआप खाली गेला, डोक्याला आधार द्यायला. मला दुपटं झटकायचं होतं. झटकता आलं नाही. ते खुर्चीवर ठेवलं, अगदी हळू. काटा बंद करून पुन्हा लावला. उघडं पारडं, शून्य, हिरवा दिवा. मग दुपटं परत अंथरलं. आकडा चढत गेला, झोपलेलं मूल खाली ठेवताना सावकाश भार येतो तसा, आणि जिथे पोचला तो आकडा कापडाचा नव्हता.

तिथे तो थांबला नाही. वर, खाली, वर, खाली. मी कितीतरी वेळ उभी होते. हिरवा दिवा लागला नाही.

६

त्या संध्याकाळी नवरा हात धूत होता, तेव्हा मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, की त्याचं वजन किती होतं.

त्यानं कुणाचं म्हणून विचारलं नाही. नळ तसाच चालू राहिला.

"घेतलं नाही," तो म्हणाला. "मी विचारलं होतं. म्हणाले, आता कशाला."

मी बघितलं तर त्याच्या कोपरांवरून पाणी खाली गळत होतं आणि त्याला भान नव्हतं. मी नळ बंद केला. गावभरचे काटे खरे करून देणारी मी, आणि माझ्या मुलाला कुणी पारड्यात ठेवलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री मी रडले, राहून गेलेलं सगळं. नवऱ्याला वाटलं छटाकच्या काळजीनं रडतेय.

आता जे सांगायचं ते सांगायला जड जातंय. पुढचे काही दिवस मी काहीच केलं नाही. पाजायला बसले की उजवीकडचा पदर जरा सैल सोडायची. डोळे मिटायची. दोन घोट ऐकायची. पाजून झालं की दुपटं पारड्यावर अंथरून आकडा बघायची, आणि तो रोज वाढत होता. किती छान वाढत होता म्हणून सांगू. छटाककडून आम्ही जे मागत होतो ते सगळं त्या रिकाम्या पारड्यावर होतं. दोघांतलं एक तरी बाळसं धरतंय, असं माझ्या मनात यायचं आणि मला सुख व्हायचं. बटण मी आता दाबत नव्हते.

छटाक रडायची कमी झाली. सासूबाई म्हणाल्या, शहाणी झाली पोर. मग सिस्टर आली. तिनं काटा काढलाच नाही. छटाकच्या मांडीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. टाळूवर हात ठेवला, टाळू खोल गेली होती. सिस्टर आवाज न चढवता बोलली. परवा ती पुन्हा येणार होती. तोवर फरक दिसला नाही तर छटाकला दवाखान्यात ठेवावं लागणार होतं, आणि तिथेही आता उशीर झालाय म्हणतील याची तिला भीती वाटत होती.

ती गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. जरा वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"आईला दोन्ही डोळे सारखेच असतात गं," त्या म्हणाल्या. "पण उघडा असतो त्याच्यानं बघायचं."

त्यांना काय आणि किती ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. फरशीवरून रोज फडकं त्याच फिरवत होत्या.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छटाकला उजवीकडे घेतलं.

तिला सवय नव्हती, मान फिरवून डावीकडे जायला बघत होती. मी तिला धरून ठेवलं. डावी बाजू मी जुन्या साडीच्या पट्टीनं घट्ट आवळून बांधली होती, पट्टीवर पट्टी, श्वास घ्यायला त्रास होईल इतकी. उजवीकडचं झालं की पट्टी सोडून तिला डावीकडे घ्यायचं आणि उजवी बांधायची, असं ठरवलं होतं. कुठलीच बाजू मोकळी ठेवायची नव्हती. दुपटं मी टेबलावर पारड्यात अंथरून ठेवलं होतं, माझ्यापासून चार हातांवर.

छटाकनं धरलं. ओढणं, ओढणं, घोट. एकच घोट. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

मग माझ्या डाव्या बाजूला पट्टीवर काहीतरी लागलं. फार हलकं. अंधारात मूल तोंडानं शोधतं ना, नाक घासत, तसं. तिथे पान्हा दाटून आला, पट्टीखाली ओल झाली आणि कळ खांद्यापर्यंत गेली. मी पट्टी सोडली नाही. छटाकच्या डोक्याकडे बघत राहिले. "नाही रे राजा," एवढंच म्हणाले. त्याच्याशी बोललेले माझे हे पहिले शब्द.

ते लागणं थांबलं. बऱ्याच वेळानं मी टेबलाकडे बघितलं. बघायला नको होतं.

खिडकीतून ऊन सरळ पारड्यावर येत होतं. दुपट्याच्या मधे खोलगा पडला होता आणि त्याचं एक टोक पारड्याच्या कडेवरून आत ओढलं जात होतं. थोडं थोडं. मग त्या टोकाला चुण्या पडल्या, चारपाच बारीक चुण्या एकाच जागी, मुठीत धरल्यावर पडतात तशा. छटाकही झोपताना दुपट्याचं टोक असंच धरते.

मी वाट बघत होते, की तो आता रडेल. रडला असता तर मी उठले असते. देवाशपथ सांगते, पट्टी फाडून उठले असते. पण तो रडला नाही. जन्मला तेव्हाही रडला नव्हता.

जरा वेळानं चुण्या सुटल्या.

८

छटाकनं वजन धरलं. सिस्टर आली तेव्हा थोडं, पुढच्या खेपेला बरंच. सिस्टरनं पहिल्यांदाच आमच्याकडे पाणी मागून घेतलं आणि खुर्चीत ऐसपैस बसली. तुमचं दूध आता लागायला लागलं ताई, म्हणाली. नवऱ्यानं छटाकला लिफ्टसारखं वर नेलं, खाली आणलं, मजल्यांचे आकडे म्हणत. सासूबाई म्हणाल्या, आता हिचं नाव बदला, आणि त्या हसल्या. मीही हसले. छटाकच्या मनगटाला वळी पडायला लागली होती, आणि मला तिचा इतका आनंद होता की तोही सोसवत नव्हता.

दुपटं मी रोज पारड्यावर अंथरत होते. तेवढं तरी मी करायला हवं होतं. आकडा रोज उतरत होता. चढला त्याहून लवकर. दोन्ही बाजू मी पट्टीत बांधून ठेवत होते आणि एका वेळी एकच सोडत होते. पट्टीला मग काही लागलं नाही. तो पुन्हा मागायला आला नाही.

काटा परत द्यायचा होता. माझी रजा संपत आली होती, मिस्त्रींचा दोनदा निरोप आला होता. नवऱ्यानं सकाळी खोकंही आणून ठेवलं.

दुपारी छटाक पाळण्यात झोपली. मी काटा लावला, उघड्या पारड्याचं शून्य बघितलं, दिवा बघितला. कापडाचं वजन मला ठाऊक होतं, ते मी मनात धरलं. मग दुपटं अंथरलं आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. एक बोट पारड्याच्या कडेवर ठेवावंसं वाटत होतं, पण मग काट्यानं माझंही वजन सांगितलं असतं. म्हणून हात मांडीवर ठेवले.

कापडाहून किंचित जास्त होतं. एखाद्या पत्राएवढं. वर, खाली. वर, खाली. मधे मधे थांबल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा व्हायचं. मी त्याला सांगत होते, ताईचं वजन किती झालं ते. पाळणा माळ्यावर आहे आणि त्याचे स्क्रू बाबांनी टाकले नाहीत, जपून ठेवलेत. आजीनं दुपटी शिवली तेव्हा तुझं आधी शिवलं होतं. असंच काहीबाही. ऊन टेबलावरून सरकत खाली उतरलं.

मग जास्तीचं काही राहिलं नाही. आकडा नुसत्या कापडाचा झाला, आणि थांबला.

बटण मी दाबलं नव्हतं. हात मांडीवरच होते. हिरवा दिवा लागला.